बिब्ब्याचा वण

माझ्या डाव्या दंडाच्या मागच्या बाजूला चवलीच्या नाण्याएवढा एक वण आहे. तीन वर्षं मी त्या वणाच्या जिवावर सरकारी नोकरी केली आणि त्या तीन वर्षांत त्याच्याकडे एकदाही नीट पाहिलं नाही. पाहणार तरी कसा? दंडाची मागची बाजू माणसाला स्वतःची स्वतः दिसत नाही, आणि आमच्या ठाण्याच्या बिऱ्हाडात आरसा होता तो बायकांना कुंकू लावण्यापुरता. तो वण देवी काढल्याचा आहे असं मी धरून चाललो होतो. लहानपणी कल्याणला माझ्या देवी काढल्याची नोंद सरकारी दप्तरात होती. दप्तरात आहे म्हणजे दंडावर असणारच, एवढा माझा सरकारवर विश्वास होता.

मी देवी काढणारा होतो. कागदोपत्री व्हॅक्सिनेटर, आमच्या आळीत देवी डॉक्टर आणि खाडीकाठच्या गावांत नुसता देवीवाला. यातलं डॉक्टर तर अगदीच खोटं. माझं इंग्रजी पाचवीत अडकलं होतं आणि रक्ताचा थेंब दिसला की मला घेरी यायची. साहेबाने नोकरीवर घेताना विचारलं, रक्ताची भीती वाटते का? मी ‘नो सर’ म्हणालो, कारण न अडखळता म्हणता येईल असं तेवढंच इंग्रजी त्या वेळी तोंडात आलं.

हल्लीच्या मुलांना हे सांगावं लागतं, की तेव्हा लस बाटलीतून येत नव्हती. निदान आमच्या वाट्याला तरी येत नव्हती. ती माणसांच्या दंडातच मुक्कामाला असायची. एका पोराच्या दंडावर नश्तराने बारीक ओरखडे काढायचे आणि त्यावर लस लावायची. तीन दिवस काहीच दिसत नाही. मग तांबूस पुळी येते, ती फुगते, काखेत गाठ येते, पोर जरा तापतं, आणि आठव्या दिवशी पाणीदार फोड टरारून भरतो. त्या फोडातून टिपलेलं पाणी हीच पुढच्या पोरांची लस. नवव्या दिवशीही काम भागतं. दहाव्या दिवशी पाणी गढूळ होतं आणि सगळं फुकट जातं. म्हणजे दर आठवड्याला कुणाचा तरी भरलेला दंड हाताशी असलाच पाहिजे, नाहीतर सबंध तालुका कोरडा. आणि पोरांच्या आया नेमक्या आठव्या दिवशी पोरं काखोटीला मारून माहेरी पळायच्या. आपल्या लेकराच्या अंगातलं सत्त्व काढून दुसऱ्याच्या लेकराला घालणार, हे कुठल्या आईला पटेल?

त्यांना पटावं म्हणून मी एक भाषण तयार केलं होतं. ते मला स्वतःला फार आवडायचं. देवी हा रोग आजाऱ्याच्या श्वासातून, खपल्यांतून, पांघरुणातून दुसऱ्याकडे जातो. त्याचे म्हणे अतिशय बारीक जंतू असतात. ते अंगात शिरले की अंगाला आधी काही समजतच नाही, आणि समजेपर्यंत ते वाढून बसलेले असतात. हे सगळं मी वर्तमानपत्रातून वाचलेलं. देवीचा जंतू कुणाच्याही सूक्ष्मदर्शक दुर्बिणीत तेव्हा सापडला नव्हता, अजूनही सापडल्याचं ऐकलं नाही. पण मी तो काल संध्याकाळीच पाहिल्यासारखा बोलायचो. मग सांगायचो, की ज्याला देवी एकदा येऊन जातात त्याला त्या पुन्हा येत नाहीत, कारण अंगाला त्यांची ओळख पटलेली असते. आणि ही लस म्हणजे गाईच्या सडावरच्या फोडांतून निघालेली, देवीच्याच नात्यातली पण स्वभावाने गरीब. तिच्यावर अंगाची तालीम होते. पुढे खरी देवी आली की अंग तिला दारातूनच परत पाठवतं.

भाषण संपलं की मी सदऱ्याची बाही वर सारायचो, पाठमोरा व्हायचो आणि वण दाखवायचो. ‘हा बघा. या एका खुणेच्या भरवशावर मी देवीच्या घरांत शिरतो, आजाऱ्याच्या उशाशी बसतो. मला काही होतं का?’ मला खरोखरच काही होत नव्हतं. त्यामुळे भाषणाला जोर यायचा.

खाडीपलीकडे मिठागरांच्या बांधाला लागून एक आगरी वाडी होती. एका पौषात मी तिथे गेलो, शेजारच्या गावातली एक आई आणि तिचं भरल्या दंडाचं पोर होडीत घालून. वाडीने माझं भाषण शांतपणे ऐकून घेतलं आणि आपापली पोरं घरात नेऊन दारं लावली. एकट्या एका म्हातारीने आपला नातू पुढे केला. उन्हाने रापलेली, हडकुळी बाई. मीठ ओढून ओढून हाताची कातडी फाटलेली. पण चेहरा मात्र असा नितळ, की मला उगाचच वाटलं, ही तरुणपणी सुंदर असणार. त्या काळी त्या वयाच्या बाईचा इतका नितळ चेहरा क्वचित दिसायचा. हे माझ्या लक्षात आलं होतं. लक्षात येण्यापुरतीच माझी बुद्धी चालली.

तिने माझं भाषण मन लावून ऐकलं होतं. म्हणाली, ‘म्हंजे लग्नाचे आधी पोरीला सासूची वलख करून देतस, असाच ना?’

माझ्या तीन वर्षांच्या भाषणात इतकं नेमकं वाक्य मला सुचलं नव्हतं. मी ते पुढे इतर गावांत माझं म्हणून वापरलं.

‘ह्याची एकल्याची देवी कार,’ ती म्हणाली. ‘काय व्हतंय ते बगू.’

आठव्या दिवशी मी परत गेलो तेव्हा नातवाच्या दंडावर सुरेख फोड आला होता, पोर हसतखेळत होतं, आणि त्याला बघून वाडीतल्या अकरा पोरांच्या आया पुढे आल्या होत्या. मला तर बढतीच मिळाल्यासारखं वाटलं. माझी घाई होती तीही खरी: आदल्याच दिवशी कल्याणहून निरोप आला होता की आईच्या माहेरच्या मागच्याच आळीत देवी आल्या आहेत. आणि तालुक्यात दुसरा भरलेला दंड शिल्लक नव्हता. त्या एका फोडावर अकरा पोरं उभी होती. मी नश्तर काढलं, ते धोतराच्या सोग्याला पुसलं (होय, पुसलं, त्याबद्दल पुढे बोलतो), आणि हौसेला मोल नाही म्हणून पुन्हा एकदा बाही वर सारून वण दाखवला.

म्हातारी या वेळी अगदी जवळ उभी होती. तिने माझा दंड बाजारातलं पडवळ निरखावं तसा धरला, त्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाली, ‘यो देवीचा वन नाय.’

‘आजी, सरकारी दप्तरात...’

‘बिब्याचा हाय यो. देवीचा वन मधी खोल जातं, त्यान बारीक बारीक भोकं असतान. यो सपाट काला हाय. असलं दहा वन तुला आमचे पोरांचे प्वाटावं दावीन.’

बायका हसल्या. मीही हसलो. पण देवीचा वण कसा दिसतो हे तालुक्यात माझ्याइतकं कुणी पाहिलं नव्हतं. शेकडो पोरांच्या दंडांवर मी तो तपासला होता. मी हात मागे वळवून बोटांनी चाचपलं. सपाट होता. तीन वर्षं मी बिब्बा दाखवत हिंडत होतो.

‘तुजे घरान पोर हाय?’ म्हातारीने विचारलं.

‘मुलगी आहे. आठ महिन्यांची.’

‘तिची देवी कारलीस?’

मी हो म्हणालो. निदान हो म्हणायला तोंड उघडलं. पण जिने नुकताच माझा दंड वाचला होता तिला माझं तोंड वाचायला वेळ लागला नाही.

‘उद्या आन तिला,’ ती नातवाचा दंड दाखवत म्हणाली. ‘यो फोर उद्या पवतर टिकंल?’

‘टिकेल. परवा नाही.’

‘मंग उद्या. माजे नातवाचे हातानशी पयली तुजे पोरीला कार. मंग आमचे पोरांना. नायतर कोनालाच नाय.’ आणि नातवाला उचलून आत निघून गेली. अकराही आया तिच्यामागे गेल्या. मी उघड्या दंडाने बांधावर उभा.

माझ्या मुलीच्या देवी मी का काढल्या नव्हत्या, हे आता सांगतो. लाज वाटते, तरी सांगतो. आधी ती लहान होती. मग तिला दात येत होते. मग अधिक महिना आला, मग एक सुतक आलं. खरं कारण असं, की लस मिळायची ती आगऱ्यांच्या, कोळ्यांच्या पोरांच्या दंडांतून. आमच्या आळीतल्या घरांनी आपल्या पोरांचा फोड कधी टोचू दिला नाही. आई म्हणायची, ‘ज्यांच्या हातचं पाणी आपण घेत नाही त्यांच्या अंगातलं पाणी पोरीच्या अंगात घालणार का?’ आणि मी, जो दर आठवड्याला वर्तमानपत्रातून सुधारणेचे लेख मोठ्याने वाचून दाखवायचा, तो म्हणायचो, ‘बघू, पुढच्या थंडीत.’ दुसऱ्यांच्या पोरांना ओरखडे काढताना माझा हात कधी थरथरला नाही. माझ्या पोरीचा तो इवलासा दंड नुसता डोळ्यांपुढे आला तरी मात्र थरथरायचा.

दिवेलागणीला घरी आलो. आई वाती वळत बसली होती. आईच्या चेहऱ्यावर देवीचे खड्डे दाट होते; लहानपणी तिला येऊन गेल्या होत्या. मी काही न बोलता तिच्यापुढे पाठमोरा बसलो आणि बाही वर सारली.

‘आई, हा वण कशाचा?’

तिने हातातली वात पुरी वळली. मग म्हणाली, ‘आज कुणी सांगितलं?’

म्हणजे झालं. मग तिने सगळं सांगितलं, वाती वळता वळताच. माझ्याआधी तिला एक मुलगा झाला होता. मला एवढंच माहीत होतं की तो गेला. त्याच्या देवी काढल्या, दंड कोपरापर्यंत सुजला, लाल झाला, ताप चढला आणि दहाव्या दिवशी तो गेला. पुढे मी झालो. देवी काढणारा पुन्हा दारात आला. सरकारी माणूस, त्याला नाही म्हणायची सोय नव्हती. त्याने माझा दंड ओरखडला, लस लावली आणि तो उंबऱ्याबाहेर पडताक्षणी आईने ओल्या पदराने सगळं पुसून काढलं. पण आठव्या दिवशी तो फोड तपासायला येणार होता. म्हणून आदल्या दिवशी तिने बिब्बा तापवून त्याच जागी लावला. फोड आला. त्यातून लस घ्यायला तो नश्तर काढू लागला तेव्हा आईने रडून असा गोंधळ घातला, की त्याने कंटाळून ‘फोड चांगला’ अशी नोंद केली आणि तो निघून गेला.

‘तुला ठेवायचं होतं रे मला,’ ती म्हणाली. ‘दुसरं काय करणार होते मी?’

गावोगाव फसवणाऱ्या आयांवर मी दात-ओठ खाऊन बोलायचो. त्यांची मूळ गुरू माझ्याच घरात वाती वळत होती.

त्या पहिल्या मुलाचं काय झालं असावं, याचा मी पुढे पुष्कळ विचार केला. लस वाईट नव्हती. पण नश्तर एका दंडातून निघून दुसऱ्या दंडात जायचं, मधे फार तर धोतराला पुसलं जायचं. त्या पात्यावरून कसले कसले जंतू जात असतील, हे आज चार पुस्तकं वाचल्यावर मला कळतं. सुजलेला, लाल दंड म्हणजे तेच असणार. आईचं भय खुळचट होतं असं मी तीस वर्षं म्हणत आलो. ते खुळचट नव्हतं. तिने दोष चुकीच्या जागी ठेवला एवढंच. त्या पुस्तकांनंतर मी नश्तर दिव्याच्या ज्योतीवर धरायला लागलो. त्याआधी धोतराला पुसून किती पोरांशी जुगार खेळलो, देव जाणे.

त्या संध्याकाळी मात्र मला या थोर विचारांना सवड नव्हती. मला एकच दिसत होतं: तीन वर्षं मी उघड्या अंगाने देवीच्या घरांत शिरलो होतो. ज्या ज्या आजाऱ्याच्या उशाशी बसून मी ऐटीत दंड दाखवला होता, ते सगळे आठवायला लागले. कपाळ गरम लागायला लागलं. मी पांघरूण घेऊन आडवा झालो आणि बायकोला सांगितलं, ‘मला देवी येणार. पोरीला माझ्याजवळ आणू नकोस.’

ती स्वयंपाकघराच्या दारातून सगळं ऐकत होती. आमच्याकडे सासूसमोर नवऱ्याशी बोलायची रीत नव्हती, पण त्या दिवशी ती थेट येऊन अंथरुणाशी बसली. माझ्या कपाळाला हात लावून म्हणाली, ‘ताप नाही. तो उजवा अंगठा बघू?’

माझ्या अंगठ्यावर नखाच्या मागे एक खळगा होता. तो बाभळीच्या काट्याचा, असं मी सगळ्यांना सांगितलं होतं. खरं असं, की नोकरीच्या पहिल्या महिन्यात एका पोराने हात झटकला आणि माझंच नश्तर माझ्या अंगठ्यात घुसलं. हे साहेबाला कसं सांगणार? काटा म्हणून सांगितलं आणि पुढे स्वतःलाही तेच पटवलं.

‘टोचल्यावर चौथ्या दिवशी पुळी आली होती,’ बायको म्हणाली. ‘मग ती फुगली, काखेत गाठ आली, ताप आला. आठ दिवस इकडून अंथरूण धरलं होतं, मीच शेक दिला होता. पोरांना होतं म्हणून इकडून जे भाषणात सांगायचं असतं, तेच नाही का हे?’

मी अंगठा दिव्याजवळ नेला. खळगा मधे खोल होता. त्यात बारीक बारीक भोकं होती.

म्हणजे मला वाचवलं होतं ते सरकारने नाही, दप्तराने नाही आणि माझ्या अकलेने तर नाहीच नाही. माझ्या अडाणी हाताने माझ्याच देवी काढल्या होत्या, आणि अंग बिचारं मला न विचारता तालीम करून मोकळं झालं होतं. मला इतकं हायसं वाटलं की मी उठून दोन वाट्या दूधभात खाल्ला.

जेवण झाल्यावर म्हातारीची अट सांगितली. उद्या दुपारपर्यंत पोरीला नेली नाही, तर अकरा पोरं उघडी राहणार आणि आमचीही. आणि पंधरा दिवसांनी कल्याणला आईच्या भाच्याची मुंज होती. पोरीला घेऊन आई तिथे जाणार हे ठरलं होतं, मागच्या आळीत देवी असताना. आईने वाती डब्यात भरल्या आणि ती देवाजवळ जाऊन बसली.

सकाळी उठून पाहतो तर बायको पोरीला दुपट्यात गुंडाळून दाराशी उभी. आणि तिच्या शेजारी आई, नेसूचं जुनं लुगडं बदलून.

‘तू कुठे?’

‘माझी नात आहे,’ आई म्हणाली.

ओहोटी लागली होती. होडी काठापासून दूर थांबली आणि चिखल तुडवत जावं लागलं. बायको पोरीला घेऊन सरळ चालत गेली, आई लुगडं खोचून गेली, आणि मी, जो आठवड्याला दोनदा खाडी ओलांडायचो, तो वाडीच्या देखत घसरून कमरेपर्यंत चिखलात बसलो. म्हातारी बांधावरून बघत होती. ‘आली गो सरकार,’ ती म्हणाली.

तिने नातवाला मांडीवर घेतलं. शेजारी आई पोरीला घेऊन बसली. दोघींचे गुडघे एकमेकींना लागले होते; आईने आपला आवरून घेतला नाही. मी नश्तर हातात घेतलं आणि हात जो थरथरायला लागला, तो थांबेना. सगळी वाडी बघत होती. शेवटी बायकोने माझं मनगट धरलं. तिच्या आधाराने मी नातवाचा फोड टोचला, ते चकाकणारं पाणी टिपलं आणि माझ्या मुलीच्या दंडावर दोन जागी लावलं. ती किंचाळली. मला घेरी आली, पण आधीच चिखलात बसून आल्यामुळे आणखी इज्जत जायला शिल्लक नव्हती. मग अकरा पोरांच्या काढल्या. त्यांच्या वेळी हात थरथरला नाही.

होडीत मी आईच्या पदरावर डोळा ठेवून होतो. आई लांब बांधाकडे बघत होती. ‘चांगली बाई आहे,’ ती म्हणाली. ‘तोंडावर एक खड्डा नाही बघ तिच्या. देवीने लाड केलेत.’ मी हूं म्हणालो. माझं लक्ष पदराकडे होतं.

तिसऱ्या दिवशीही पोरीच्या दंडावर काही दिसेना. तिसऱ्या दिवशी काही दिसत नाही, हे मीच गावभर सांगत फिरायचो. पण आपली पोर असली की शास्त्र विसरायला होतं. मी आईवर ओरडलो, ‘पुसलंस ना? पुन्हा पुसलंस!’

आईने माझ्याकडे नुसतं पाहिलं. ‘पुसायचं असतं तर होडीतच पुसलं असतं,’ ती म्हणाली. ‘खाडीभर पाणी होतं.’

चौथ्या दिवशी दोन तांबूस पुळ्या आल्या. पुढचे आठ दिवस आईने पोरीला आंघोळ घातली नाही, कुणाला घालू दिली नाही, आणि माश्या बसू नयेत म्हणून हातात पंखा घेऊन पाळण्याशी बसून राहिली. मी तिची माफी मागितली नाही. तेव्हाही नाही, नंतरही नाही. याचं मला वाईट वाटतं.

कल्याणच्या मुंजीला आई पोरीला घेऊन गेली. त्या घरातल्या दोन मुलांना त्याच आठवड्यात देवी आल्या, एक गेलं. आमची मुलगी त्यांच्याच शेजारी झोपली होती. ती परत आली ती दंडावरच्या खपल्या ओढत, हसत. मी त्या दिवशी देवापुढे साखर ठेवली आणि मनात म्हटलं, खाडीपलीकडे जाऊन म्हातारीला सांगायला हवं. पण शिमगा आला, मग डोंबिवलीकडच्या गावांत काम निघालं. जायचं राहून गेलं.

चैत्रात कळलं की वाडीतही देवी आल्या. मी गेलो. दारांवर कडुनिंबाचे डहाळे लावले होते, पण माझी अकराच्या अकरा पोरं मिठाच्या राशींवर घसरगुंडी खेळत होती. बारावा म्हातारीचा नातू. मी प्रत्येकाचा दंड तपासला. एकूण एक वण खोल, जाळीदार. इतका आनंद मला त्या नोकरीत कधी झाला नव्हता. साहेबाला लिहायच्या पत्राची पहिली ओळ जुळवत मी म्हातारीच्या दारात गेलो आणि हाक मारली.

सून बाहेर आली. ‘म्हातारी गेली,’ ती म्हणाली. ‘आज नववा दिस.’

त्यांच्या झोपडीत उतरलेला एक पाहुणा देवीने आजारी पडला होता, म्हातारीने त्याचं सगळं केलं. पोरं त्याच झोपडीत झोपायची, त्यांना काही झालं नाही. मग तिला ताप आला आणि अंगभर पुरळ उठलं. मी विचारलं, ‘मला का नाही बोलावलं?’ एकदा अंगावर उठल्यावर मी येऊन काही करू शकलो नसतो, हे मला चांगलं माहीत होतं, तरी विचारलं.

‘म्हातारीच नको बोलली. बोलली, तो पोरांचा देवीवाला हाय.’

तो नितळ चेहरा मी पहिल्याच दिवशी पाहिला होता. आईने होडीत तोंडाने बोलून दाखवलं होतं. देवी ज्याला येऊन गेल्या नाहीत त्याच्या चेहऱ्यावर खड्डा नसतो, हे सांगायचा मला पगार मिळत होता. तिने माझा दंड हातात धरून वाचला, माझं खोटं धरलं, माझी मुलगी जिवंत ठेवली. आणि तिच्या दंडावर काय आहे हे बघावं, असं मला एकदाही सुचलं नाही.

‘मोठे मानसाची कारता येते देवी?’ सुनेने विचारलं.

‘येते,’ मी म्हणालो.



‘मंग तिची कारायची व्हती ना,’ ती म्हणाली. रागाने नाही. आमटीत मीठ घालायला विसरलेल्या माणसाला सांगावं, तितक्या साध्या आवाजात.